धर्मग्रामात सेवागट सुरू करताय? नाशिकच्या अनुभवातून एकेक पायरी

डिसेंबरची थंडी होती. आमच्या धर्मग्रामातले (पॅरिशमधले, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या समाजातले) आम्ही सहाजण टेम्पोत ब्लँकेटं भरून पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर गेलो. वाटप झालं, फोटो झाले, कोरा चहा झाला. निघता निघता एक मावशी माझा हात धरून म्हणाल्या, "पांघरूण दिलंत, बरं झालं ताई. पण घरात दोन पोती नागली (नाचणी) पडून आहे. व्यापारी भाव पाडून मागतो. ती घेणारं कोणी आहे का तुमच्याकडे?" आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हतं. सावळघाट ओलांडेपर्यंत टेम्पोत कोणी फारसं बोललं नाही.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, आम्ही पुन्हा बसलो आणि गटाचं खरं काम तिथून सुरू झालं. गरजूंना मदत, कष्टकऱ्यांच्या मालाला रास्त भाव, आणि चर्चच्या आवाराची, झाडांची, पाण्याची निगा, ही तीन कामं आम्ही एकाच गटात ठेवली. तीन वेगळे गट करा, असा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला होता. तुम्हालाही देतील. तो मानू नका, असं मी सांगेन. किराण्याचा पुडा देणारा हात आणि बांबूची टोपली घासाघीस करून स्वस्तात घेणारा हात एकाच माणसाचे असतात. दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहिल्या गेल्या की आपलं आपल्यालाच दिसतं.

ज्यांना असा गट सुरू करायचा आहे आणि कुठून सुरुवात करावी ते उमगत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. आधी फादरांकडे जा, नवी संस्था काढू नका

उत्साहाच्या भरात पहिली सूचना येते ती 'आपण ट्रस्ट रजिस्टर करूया' ही. थांबा. महाराष्ट्रात संस्था नोंदवायची तर किमान ७ सभासद लागतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याबरोबर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही धर्मादाय कार्यालयात नोंद करावी लागते. मग दरवर्षी हिशोबतपासणी आलीच. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्जही द्यावा लागतो. दहा माणसांच्या गटाची सगळी शक्ती कागदांतच जाईल.

चर्च आधीच नोंदणीकृत विश्वस्त संस्थेखाली चालतं. त्यामुळे प्रमुख धर्मगुरूंना भेटा, पॅरिश कौन्सिलच्या (धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळाच्या) बैठकीत विषय मांडा आणि गटाला धर्मग्रामाचं अंग म्हणून मान्यता घ्या. ठराव लेखी हवा. फादरांची बदली होते, नवे फादर येतात, तेव्हा हा एक कागद कामाला येतो. आमच्याकडे पहिल्या वेळी तो नव्हता आणि दोन महिने काम थांबलं होतं.

आणखी एक चौकशी करा. तुमच्या चर्चमध्ये संत व्हिन्सेंट डी पॉल संघटनेची शाखा आहे का? १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन ती सुरू केली. घरभेटीची शिस्त त्यांच्याइतकी कोणाकडे नसते. शाखा असेल तर मदतीचं काम त्यांच्याकडेच राहू द्या आणि तुम्ही त्यांचे हात व्हा. एकाच घरी दोन गटांनी जाणं त्या घराला त्रासदायक होतं.

२. माणसं थोडी, पण टिकणारी

आठ-दहाजण पुरे. त्यात मराठी मिस्साला येणारे आणि इंग्रजी मिस्साला येणारे दोन्ही हवेत. आपल्याकडे नगरकडून आलेली कुटुंबं आहेत, गोव्याची, केरळची, वसईची आहेत. सगळे एका भाषेत जमले की बाकीच्यांची गरज कानावरच येत नाही. एकजण हिशोबाला, दोघं घरभेटींच्या वहीला, एकजण मालाला, एकजण आवाराला. बैठक महिन्यातून एकदा आणि तासाभराची ठेवा.

३. पैशाची वही पहिल्या दिवसापासून

पैसे येण्याआधी पद्धत ठरवा.

- पावती धर्मग्रामाच्याच पावतीपुस्तकातून द्यायची. आपलं वेगळं पुस्तक छापायचं नाही.
- खर्चावर दोन सह्या. त्या करणारे एकाच घरातले नकोत.
- ज्याच्याकडे बिल नसतं अशा विक्रेत्याकडून व्हाउचरवर सही किंवा अंगठा घ्या आणि माल, वजन, भाव तिथेच लिहा.
- महिन्याचा जमाखर्च चर्चच्या फलकावर लावा. त्यात फक्त रकमा असतील, कोणाला दिले ती नावं नसतील.

आता सापळे. पहिला: कोणीतरी म्हणतं, 'माझ्याच फोनवर पाठवा, मी देते.' वैयक्तिक क्यूआर कोडवर एक रुपयाही घेऊ नका. हेतू कितीही चांगला असला तरी सहा महिन्यांनी त्या ताईंच्या खात्यातला गटाचा पैसा आणि घरचा पैसा वेगळा काढता येत नाही. संशय मात्र कायमचा चिकटतो.

दुसरा: 'ऐंशी जी'ची, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी पावती. संस्थेला ती सवलत आहे का, ते आधी कार्यालयात विचारा. असली तरी २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत तर ती मुळीच मिळत नाही. देणगीदाराला आधीच स्पष्ट सांगा.

तिसरा सर्वात गंभीर आहे. परदेशातले नातेवाईक आनंदाने पैसे पाठवायला तयार होतात. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला भाऊ स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पण कॅनडाचं नागरिकत्व घेतलेल्या बहिणीने दिलेले पैसे, ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड) असलं तरी आणि रुपयांत दिले तरी, परदेशी देणगीच ठरतात. त्यासाठी २०१० च्या परदेशी देणगी कायद्याखाली संस्थेची नोंदणी लागते आणि असा पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घेता येतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. अशा वेळी नम्रपणे नाही म्हणा. एका गटाच्या चुकीपायी सबंध संस्था अडचणीत येऊ शकते.

४. मदत: घरी जा, बसा, ऐका

घरभेटीला दोघांनी जायचं, त्यातली एक बाई असावी. आधी फोन करून वेळ विचारायची. बिल्ला, टोपी, गटाचं नाव छापलेली पिशवी काही नको, कारण शेजाऱ्यांना कळवायची गरज नसते. पहिल्या भेटीत वही उघडू नका. घरात कोण कोण आहे, कमावतं कोण, औषधं कोणती चालू आहेत, मुलं शाळेत जातात का, हे बोलता बोलता कळतं. स्वयंपाकघरातले डबे उघडून पाहणारे लोक मी पाहिले आहेत. तसं कधीही करू नका.

किराण्याचे ठरावीक पुडे बांधून वाटणं सोपं असतं, पण ज्या घरी मधुमेह आहे तिथे दोन किलो साखर जाते आणि ज्या घरी तान्हं मूल आहे तिथे साबण कमी पडतो. आम्ही जवळच्या किराणा दुकानदाराशी बोलून घेतलं. कुटुंब स्वतः जाऊन ठरलेल्या रकमेत हवं ते घेतं, आम्ही महिनाअखेरीला बिल भरतो. तंबाखू आणि गुटखा सोडून काहीही. सॅनिटरी पॅड आवर्जून सांगा, बाया स्वतःहून मागत नाहीत.

शाळेची फी शाळेच्या खात्यात भरा, दवाखान्याचं बिल दवाखान्यात भरा. वहीत कुटुंबाला क्रमांक द्या. नाव आणि पत्त्याची यादी वेगळी, कुलूपबंद ठेवा. फोटो काढायचा नाही. देणगीदाराने मागितला तरी नाही. ब्लँकेटवाटपाचे आमचे ते पहिले फोटो मी नंतर फोनमधून काढून टाकले.

पाड्यांवर जाताना ग्रामपंचायतीला आणि शाळेतल्या गुरुजींना आधी कळवा. मदत धर्म न पाहता द्यायची, आणि तिच्याबरोबर प्रार्थनेची पत्रकं, पदकं, काहीही द्यायचं नाही. ज्याच्या घरी चूल थंड आहे त्याच्या हातात पत्रक ठेवणं बरोबर नाही, असं मला मनापासून वाटतं. गैरसमजाला जागा राहत नाही हे त्यातून आपोआप साधतं.

आता आमची सर्वात मोठी चूक. एका ताईंना आम्ही अकरा महिने किराणा दिला. नवरा वारलेला, दोन लहान मुलं. त्यांना सरकारी निवृत्तीवेतन का मिळत नाही, हे अकरा महिने आमच्यातल्या कोणीच विचारलं नाही. कारण एवढंच होतं की पतीच्या मृत्यूचा दाखला गावाकडून आणायचा राहिला होता. एसटीचं भाडं देऊन एकाला सोबत पाठवलं आणि काम झालं. तेव्हापासून आमचा नियम आहे: किराण्याच्या तिसऱ्या महिन्याआधी योजनांची चौकशी पूर्ण झालीच पाहिजे.

बहुतेक वेळा उपयोगी पडतात त्या या योजना:

*संजय गांधी निराधार अनुदान योजना.* विधवा, दिव्यांग, दुर्धर आजारी, निराधार यांना महिन्याला १,५०० रुपयांपासून मदत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षं रहिवास हवा. (दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा आणि रक्कम दोन्हींची नव्याने चौकशी करा.) अर्ज तहसील कार्यालयात किंवा आपले सरकार सेवा केंद्रावर होतो. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की पैसे बंद होतात आणि आजीला वाटतं योजनाच संपली.

*धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटा.* राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. भरती होतानाच तिथल्या समाजसेवकांना भेटून अर्ज द्या. डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात घेऊन गेलात तर धावपळ होते.

*महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना.* मोफत उपचारांसाठी. रेशनकार्ड आणि आधार घेऊन यादीतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटायचं.

*शिष्यवृत्त्या.* इथे आपल्या समाजाची एक जुनी जखम आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती मुलांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागासवर्गात होते. आदिवासी ख्रिस्ती मुलांचा अनुसूचित जमातीचा दर्जा मात्र धर्माने बदलत नाही. अर्जात चुकीचा रकाना भरला की वर्ष वाया जातं, म्हणून जातीचा दाखला पाहूनच अर्ज भरा.

प्रत्येक कुटुंबाची एक फाइल करा आणि त्यांच्याच घरी ठेवायला द्या. त्यात हवं:

- आधार कार्ड (मुलांचंसुद्धा) आणि रेशनकार्ड
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- रहिवासाचा आणि वयाचा पुरावा
- आधार जोडलेल्या खात्याचं पासबुक
- लागू असेल तसा मृत्यूचा दाखला, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, आजाराचे कागद
- मुलांचं बोनाफाइड, जातीचा दाखला
- चार-सहा फोटो

मूळ कागद आपल्या ताब्यात कधीही घेऊ नका. झेरॉक्स काढून तिथेच परत करा.

५. रास्त भाव: इथे सर्वात जास्त वेळ द्या

रास्त व्यापार हे शब्द जड वाटतात, पण त्यांचं मूळ आपल्या फार जवळचं आहे. फ्रान्स व्हान डर हॉफ हे डच धर्मगुरू मेक्सिकोतल्या आदिवासी कॉफी उत्पादकांमध्ये राहून काम करत होते. त्या शेतकऱ्यांचं म्हणणं होतं की दानापेक्षा आमच्या कॉफीला नीट भाव द्या. त्यातून १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये रास्त व्यापाराचा पहिला शिक्का बाजारात आला. पुढे इंग्लंडमधल्या कितीतरी चर्चनी मिस्सानंतरचा चहा आणि कॉफी अशा शिक्क्याचीच घ्यायची असं ठरवलं. पेठच्या मावशींनी आम्हाला नेमकं तेच विचारलं होतं.

नाशिककराला याहून जवळचंही उदाहरण आहे. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. ते शरणपूर मिशनने १८५४ च्या सुमारास वसवलं. गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तिथे आसरा मिळाला आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारखे धंदे शिकायला मिळाले. त्यातले काहीजण पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरी संशोधकाबरोबर आफ्रिकेतल्या मोहिमेवर गेले. आसऱ्याबरोबर हाताला कसब देणं ही आपल्या गावाची जुनी रीत आहे.

आता प्रत्यक्ष काम. *एकाच वस्तूपासून सुरुवात करा.* सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या भागात नागली, वरई, खुरासणी, भात आणि बांबूच्या टोपल्या-सुपं मिळतात. शहरात बचत गटांच्या गोधड्या, पापड, कापडी पिशव्या असतात. आम्ही नागली घेतली, कारण ती टिकते. पापडाने सुरुवात करणाऱ्या एका गटाचा अर्धा माल पहिल्याच पावसात सादळला.

*भाव ठरवताना दोन आकडे समोर ठेवा.* पहिला हमीभाव. नाचणीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये आहे, म्हणजे किलोला ४९ रुपयांच्या जवळ. त्याच्या खाली कधीही घेऊ नका, 'बाजारात कमीने मिळते' असं कोणी सांगितलं तरी. दुसरा आकडा त्या बाईच्या दिवसाचा. समजा, एका कापडी पिशवीला कापड २५ रुपयांचं, दोरा-बंद ५ रुपयांचे आणि शिवायला अर्धा तास लागतो. आठ तासांचे किमान ४८० रुपये सुटले पाहिजेत असं तुम्ही त्या ताईंबरोबर बसून ठरवलं, तर अर्ध्या तासाचे ३० रुपये होतात. पिशवी ६० रुपयांना पडली. वाहतूक आणि नासधुशीचे ५ धरून ६५ ला विका. बाजारात तशी पिशवी ४० ला मिळते, हे खरं आहे. म्हणून ताईंचे ३० कमी करू नका. कापड घाऊक घ्या, शिंप्यांकडची उरलेली कापडं मिळवा, खर्च तिथे वाचवा.

हा हिशोब स्टॉलवर पाटीवर लिहून ठेवा: कापड इतकं, मजुरी इतकी, वाहतूक इतकी. आमच्याकडे घासाघीस त्या पाटीमुळेच थांबली. 'गरिबांना मदत म्हणून घ्या' असं मात्र विकताना म्हणू नका. नागली चांगली आहे म्हणून विका. आम्ही एका रविवारी सगळ्यांना आंबील प्यायला दिली, तिथेच एक पोतं संपलं.

*आगाऊ रक्कम.* जागतिक रास्त व्यापार संघटनेची दहा तत्त्वं आहेत. त्यात हस्तकलेच्या मालासाठी कारागिराने मागितली तर निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी, असं सांगितलेलं आहे. हे पाळा. पण आपल्याकडे 'उचल' हा शब्द लोकांनी फार भोगलेला आहे. उचल घेतली की माणूस बांधला जातो, हा अनुभव गाठीशी असतो. म्हणून आगाऊ रक्कम देताना साध्या मराठीत एक पान लिहा: किती दिले, कशासाठी, माल कधी, आणि माल बिघडला तर काय. एक प्रत त्यांच्याकडे. वाचता येत नसेल तर त्यांच्या मुलीला बोलावून तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या.

*वजन.* काट्यावर तोलून घ्या आणि काटा त्यांच्यासमोर ठेवा. पायली-मापट्याने घेतलं की दोन्हीकडे शंका राहते.

*न खपलेला माल परत पाठवायचा नाही.* हा तोटा गटाचा. म्हणूनच पहिली खरेदी लहान ठेवा आणि घेण्याआधी मिस्सानंतर नोंदणी घ्या: किती घरांना किती किलो हवी. आमच्या पहिल्या वर्षी नोंदणी न घेतल्यामुळे मे महिन्यात उरलेल्या नागलीला किडे लागले. आता आम्ही गोणीत कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकतो आणि नोंदणीइतकीच घेतो.

*परवाना.* पापड, लाडू, मसाला, चटणी असं तयार खाद्य विकायचं तर अन्नसुरक्षा नोंदणी लागते. लहान विक्रेत्याला साधी नोंदणी पुरते आणि तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये आहे. बचत गटाकडे ती असेल तर १४ आकडी क्रमांक पाकिटावर आहे ना ते पाहा. नसेल तर ती काढायला मदत करा, ती त्यांना सगळीकडे उपयोगी पडते.

आणि एक खबरदारी: 'फेअरट्रेड' हा प्रमाणित मालाचा शिक्का आहे, आपल्या पिशवीवर तो छापता येत नाही. 'रास्त भावात घेतलेला माल' असं लिहा, तेवढं पुरतं.

६. आवार: आधी एक आठवडा कचरा मोजा

पोप फ्रान्सिस यांचं सृष्टीची काळजी घेण्याविषयीचं 'लौदातो सी' हे परिपत्रक २०१५ मध्ये आलं. त्यात प्लास्टिक टाळणं, पाणी वाचवणं, कचरा वेगळा करणं, लागेल तेवढंच शिजवणं, झाडं लावणं, नको असलेले दिवे बंद करणं अशी अगदी घरगुती कामं सांगितलेली आहेत. मोठ्या घोषणांची गरज नाही. रविवारच्या मिस्सानंतर आवारात जे पडतं ते एक आठवडा गोळा करा, वेगळं करा, तोला. आमच्याकडे सर्वात जास्त निघाले ते चहाचे कप. कागदी कपाला आत प्लास्टिकचा थर असतो, तो खतात कुजत नाही. दोनशे स्टीलचे पेले घेतले, धुण्याची पाळी विभागवार लावली. सुरुवातीला कुरकुर झाली, पण दोन महिन्यांत सवय पडली.

सणाला मंडपवाल्याकडूनच ताट-वाट्या भाड्याने घ्या. थर्माकोलच्या ताटांना आणि प्लास्टिक पिशव्यांना महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, पहिला दंडच ५,००० रुपयांचा. शंभरावर लोक जमणार असतील तर महापालिकेच्या विभागीय कार्यालयाला काही दिवस आधी लेखी कळवा आणि त्या दिवशीच्या घंटागाडीची वेळ विचारून घ्या. ओला, सुका, सॅनिटरी आणि घातक कचरा वेगळा नसेल तर घंटागाडीवाले दादा घेणार नाहीत, आणि त्यांनी घेऊही नये. त्यांना नाताळला केक द्यायला विसरू नका.

वेदीवरची फुलं आणि आवारातला पाला यांचं खत करा. पाला जाळू नका. कोरडा पाला दोन-तीन भाग, ओली फुलं एक भाग, मध्ये थोडी माती आणि ताकाचं पाणी. हारातला दोरा आणि चमकी आधी काढावी लागते, हे काम पहिल्या कम्युनियनच्या (ख्रिस्तप्रसाद प्रथमच घेण्याच्या तयारीच्या) वर्गातली मुलं फार मन लावून करतात. मुलांबरोबर नेहमी दोन मोठी माणसं असू द्या.

मेणाबद्दल वेगळं सांगायला हवं. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत हजारो मेणबत्त्या लागतात. दुसऱ्या दिवशी सगळं मेण मातीत आणि कबरींवर. दारातच वाळू भरलेले पत्र्याचे ट्रे ठेवा आणि लोकांना तिथे मेणबत्ती लावायची विनंती करा. ही विनंती फादरांनी आदल्या रविवारी वेदीवरून करावी, कारण कबरीवर दिवा लावणं ही मनाची गोष्ट आहे. आपण मध्येच जाऊन सांगितलं तर लोक दुखावतात. ज्यांना कबरीवरच लावायची आहे त्यांना मातीची पणती द्या. गोळा झालेलं मेण कधीही थेट आचेवर वितळवू नका, पेट घेतं. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं भांडं. गाळून नव्या वाती घाला. ते पाणी आणि उरलेलं मेण मोरीत ओतायचं नाही.

नदीचं काम मात्र पहिल्या वर्षी घेऊ नका. गोदेच्या काठी फोटोपुरती सफाई करून पुढच्या आठवड्यात तिथेच पानवेली आणि कचरा पाहणं फार निराश करतं. आधी आपल्या आवारातून नाल्यात काय जातं ते बंद करा.

७. झाडं: ५ जूनला लावू नका

पर्यावरण दिन ५ जूनला असतो आणि नाशिकला तेव्हा जमीन तापलेली असते. पाऊस जूनच्या मध्यानंतर येतो आणि तोही कधी कधी दडी मारतो. आमची पहिली वीस रोपं अशीच गेली. ५ जूनला खड्डे दाखवा, रोपांची नावं ठरवा. खड्डे मे महिन्यातच दोन फूट बाय दोन फूट खणून उन्हात तापू द्या. दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, साधारण जूनअखेर ते जुलै, शेणखत आणि निंबोळी पेंड घालून लावा. चर्चचा 'सृष्टीचा काळ' १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर असतो. तो आपल्याकडे आळी करण्याचा, तण काढण्याचा आणि पाल्याचं आच्छादन घालण्याचा काळ समजा.

कडुनिंब, करंज, बहावा, जांभूळ, उंबर, कांचन, आपटा घ्या. निलगिरी, सुबाभूळ, ग्लिरिसिडिया फुकट मिळाली तरी नको. वड-पिंपळ इमारतीपासून लांब. नोव्हेंबर ते मे पाणी लागतं, तीन उन्हाळे. जितकी घरं पाणी घालायची जबाबदारी घेतात तितकीच रोपं लावा. आमच्याकडे पहिल्या कम्युनियनच्या प्रत्येक मुलाच्या नावाने एक झाड आहे, आणि आजी-आजोबा नातवाच्या झाडाला बादली घेऊन येतात. कुंपणाबाहेर लावायचं असेल तर महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्या. जुनं झाड, आपल्या आवारातलं असलं तरी, परवानगीशिवाय तोडता येत नाही. १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे.

छपराचं पाणी साठवण्याचा विषय कौन्सिलमध्ये मांडायचा असेल तर हा हिशोब न्या: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ३०० चौरस मीटर छप्पर आणि ६०० मिलिमीटर पाऊस धरला तर १,८०,००० लिटर. गळती-उडती धरून थोडं कमी. हा आकडा ऐकून आमच्या बैठकीत एकदम शांतता पसरली आणि बोअरवेलच्या पुनर्भरणाचा खर्च त्याच दिवशी मंजूर झाला.

८. पहिलं वर्ष कसं आखाल

जानेवारीत फादरांची भेट आणि ठराव. नागलीची काढणी दिवाळीच्या आसपास होते, तेव्हा खरेदी नोव्हेंबर-डिसेंबरला धरा. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाल येशूची यात्रा असते, तिथे सेवा करायला जा. गर्दी, पाणी, कचरा हे सगळं कसं हाताळतात ते बघून खूप शिकता येतं. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात घरभेटी सुरू करा, लोक दान द्यायला तयार असतात. जागतिक रास्त व्यापार दिन मेच्या दुसऱ्या शनिवारी येतो, पण तेव्हा निम्मं धर्मग्राम गावाला गेलेलं असतं. स्टॉल आपल्या चर्चच्या सणाला आणि नाताळाआधीच्या आगमनकाळात लावा. नोव्हेंबरात पोप फ्रान्सिस यांनी सुरू केलेला गरिबांचा जागतिक दिन असतो. त्या दिवशी ज्या कुटुंबांना आपण भेटतो त्यांना पहिल्या पंगतीला बसवा, आणि वाढायला कौन्सिलच्या सदस्यांना उभं करा.

९. काय काय जवळ हवं

पावतीपुस्तक, व्हाउचर, जमाखर्चाची वही, घरभेटींची क्रमांकाची वही, कुलपाची पेटी. प्रमाणित तोलकाटा, कोरड्या जागेतलं लाकडी फळकुट (गोणी जमिनीवर ठेवू नका), हवाबंद पिंप. स्टीलचे पेले, चार रंगांचे डबे, हातमोजे, दोन फावडी, एक पहार. पाटी आणि खडू.

दोन वर्षांनी जबाबदाऱ्या बदला. नव्या ताईंच्या हातात वह्या देताना त्यांना एकदा किराणा दुकानदाराकडे, एकदा तहसील कार्यालयात आणि एकदा पाड्यावर बरोबर घेऊन जा. गेल्या डिसेंबरात मी आमच्या नव्या सचिवताईंना पेठला घेऊन गेले. मावशींनी काटा स्वतःच पुढे ओढला, पोतं ठेवलं आणि आमच्या आधी वजन वाचून दाखवलं.